क्योतोत ऑटममध्ये शिंतो श्राइनला जायचंय? मग आधी कॅलेंडर काढा

सुरुवातीलाच एक गोष्ट क्लिअर करूया, कारण इथेच निम्म्या लोकांचा प्लॅन गंडतो. लाल मेपलचे जे फोटो बघून आपण जपानचं तिकीट काढतो ना, त्यातले बरेचसे बौद्ध मंदिरांचे असतात. तोफुकुजी, एइकान्दो, कियोमिझुदेरा, सगळी बौद्ध. शिंतो श्राइन म्हणजे जिन्जा, ते वेगळं. दारात तोरी दिसली, म्हणजे दोन खांबांवर आडव्या तुळया टाकलेली ती कमान, की समजायचं हे जिन्जा. धूप जळतोय, बुद्धाची मूर्ती समोर आहे, तर ते मंदिर. फरक कशाला माहिती हवा? कारण जिन्जात टाळ्या वाजवून नमस्कार करतात आणि बौद्ध मंदिरात टाळ्या वाजवत नाहीत, आणि नोव्हेंबरात एइकान्दोला जाऊन जोरात टाळ्या पिटणारे टूरिस्ट दर थोड्या वेळाने दिसतातच.

दुसरं म्हणजे जिन्जातला ऑटम नुसता लाल पानांचा नसतो. हा भातकापणीचा सीझन, नवं धान्य देवाला दाखवायचा सीझन, लहान मुलांना नटवून देवाच्या पाया पडायला आणायचा सीझन. त्यामुळे माझं सरळ मत असं की दिवसात पाच श्राइन उरकण्यापेक्षा एकच निवडा, सकाळी लवकर जा आणि अर्धा दिवस तिथेच घालवा. खाली मी मुख्यतः क्योतोचं कितानो तेनमानगू धरून सगळ्या स्टेप्स सांगतोय, कारण ऑटममध्ये मेपल, बाजार, परीक्षेवाली पोरं, सगळं एकाच आवारात बघायला मिळणारी जागा शोधायची तर मला हीच बेस्ट वाटते. पण नमस्काराची पद्धत वगैरे जवळपास सगळीकडे चालेल.

तारीख आधी, हॉटेल नंतर

आपल्याकडून जाणारे बहुतेक जण दिवाळीच्या सुट्टीत जातात. 2026 ला लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे, म्हणजे ट्रिप नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पडणार, आणि तेव्हा क्योतो शहर बऱ्यापैकी हिरवंच असतं. क्योतोचा पीक साधारण 20 नोव्हेंबर ते डिसेंबरचा पहिला आठवडा. रंग उत्तरेकडून दक्षिणेकडे आणि डोंगरावरून खाली उतरत येतात, रात्रीचा पारा सात-आठ डिग्रीच्या खाली जायला लागला की मेपल पेटतं, त्यामुळे ऑटम उबदार गेला तर सगळंच आठ-दहा दिवस पुढे सरकतं आणि अलीकडे असं बऱ्याचदा होतंय. जपानी वेदर कंपन्या ऑटम सुरू व्हायच्या आसपास रंगांचे फोरकास्ट टाकायला लागतात, ते फोनवर ट्रान्सलेट करून बघत राहायचं.

मग दिवाळीतच जायचं असेल तर? निक्को. टोकियोच्या आसाकुसा स्टेशनवरून तोबू रेल्वेने साधारण दोन तास. वरचा चुझेन्जी तलाव ऑक्टोबरच्या मध्यापासून रंगतो आणि खाली तोशोगू श्राइनच्या आसपास नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात छान रंग असतो. तोशोगू म्हणजे शोगुन, म्हणजे जपानचा लष्करी सत्ताधीश, तोकुगावा इएयासूचं स्मृतिस्थान, तो 1616 ला गेला, श्राइन 1617 चं, आणि आजचा सोन्याने मढवलेला थाट नातू इएमित्सूने 1636 ला केलेला. ते तीन माकडांचं कोरीव काम इथलंच. तिकीट सोळाशे येनच्या आसपास. फक्त एक, तलावाकडे जाणारा इरोहाझाका घाट शनिवार-रविवारी अक्षरशः पार्किंग लॉट होतो, तिथे बसमध्ये अडकलात की दिवस गेला, त्यामुळे वीकडे पकडा.

2026 पुरतं अजून सांगायचं तर 15 नोव्हेंबर रविवार आहे आणि त्याच दिवशी शिची-गो-सान, म्हणजे लहान मुलांना नटवून श्राइनला आणायचा सण, त्यामुळे फेमस श्राइनमध्ये तुफान गर्दी. 23 नोव्हेंबरची नॅशनल हॉलिडे सोमवारी येतेय, म्हणजे 21 ते 23 लाँग वीकेंड, क्योतोत त्या तीन दिवसांत पाय ठेवू नका, हॉटेलचे रेट बघूनच कळेल का ते. त्यानंतर 25 तारखेला बुधवार आहे आणि दर महिन्याच्या 25 ला कितानो तेनमानगूचा बाजार भरतो. मी असतो तर 24 ते 27 नोव्हेंबर क्योतो पकडलं असतं, डोळे झाकून.

बाकीचे ऑप्शन थोडक्यात

फुशिमी इनारी सगळ्यांना माहितीच आहे, हजारो केशरी तोरींचा बोगदा, चोवीस तास उघडं, फुकट, क्योतो स्टेशनवरून जेआर नारा लाइनने दोन स्टेशनं. सुंदर आहे, वाद नाही, पण ते मेपलसाठी नाही. तरी ऑटममध्ये जायला कारण आहे, इनारी हा मुळात भाताचा देव, आणि तिथल्या दगडी कोल्ह्यांकडे नीट बघितलं तर एखाद्याच्या तोंडात भाताची लोंबी दिसेल, एखाद्याच्या किल्ली. पहाटे सहाला पोचा आणि योत्सुत्सुजी नावाच्या चौकापर्यंत चढा, अर्ध्या रस्त्यातच गर्दी विरळ होते.

शिमोगामो श्राइनच्या पुढे तादासु-नो-मोरी म्हणून जुनं जंगल आहे, साधारण 12 हेक्टर, त्यात मेपलपेक्षा झेल्कोवा आणि हॅकबेरीची झाडं जास्त, म्हणून रंग पिवळा-तांबूस आणि उशिरा येतो, डिसेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत टिकतो. लेट ट्रिप असेल तर हेच.

किफुने श्राइन उत्तरेला डोंगरात, पाण्याचा देव, दगडी पायऱ्यांच्या दोन्ही बाजूला लाल कंदील. देमाचियानागीवरून एइझान रेल्वेने जाताना इचिहारा आणि निनोसे स्टेशनांच्या मधे मेपलचा बोगदा लागतो, सीझनमध्ये संध्याकाळी तिथे लाइटिंग करतात, ट्रेन हळू होते आणि डब्यातले दिवे बंद करतात. हे मिस करू नका. किबुनेगुची स्टेशनला उतरून पुढे दोनेक किलोमीटर, 33 नंबरची बस किंवा चालत.

हिरोशिमाकडे जाणार असाल तर मियाजिमा बेटावरचं इत्सुकुशिमा, समुद्रात उभी तोरी, मागे मोमिजीदानी पार्कात शेकडो मेपल, नोव्हेंबरचा मध्य ते शेवट. भरती-ओहोटीचं टाइमटेबल बघून जा, भरतीला श्राइन पाण्यावर तरंगतंय असं वाटतं आणि ओहोटीला तोरीपर्यंत चालत जाता येतं, दोन्ही हवं असेल तर बेटावर बरेच तास हाताशी ठेवा.

टोकियोचं मेइजी जिंगू 1920 चं, सम्राट मेइजी आणि सम्राज्ञी शोकेन यांचं. आतलं जंगल जवळपास एक लाख दान आलेल्या झाडांतून उभं केलेलं, पण झाडं मुख्यतः सदाहरित, लाल रंग शोधत जाल तर निराशा होईल. पिवळ्या जिंको झाडांची फेमस रांग तिथे नाहीच, ती गाइएनमध्ये, म्हणजे श्राइनच्या बाहेरच्या बागेत, आओयामा-इत्चोमे स्टेशनच्या बाजूला, दोन ठिकाणं वेगळी आहेत आणि मॅपवर लोक हमखास घोळ घालतात.

कितानो तेनमानगू म्हणजे कोणाचं?

हे माहिती करून गेलं तर तिथली निम्मी कोडी सुटतात. सुगावारा नो मिचिझाने हा दरबारातला मोठा विद्वान, कवी. फुजिवारा घराण्याच्या राजकारणात अडकला, 901 मध्ये त्याला लांब दक्षिणेकडच्या क्यूशू बेटावर दाझाइफूला पाठवून दिलं आणि तिथेच 903 मध्ये तो गेला. त्यानंतर राजधानीत एकामागून एक संकटं, मृत्यू, आणि 930 मध्ये तर थेट राजवाड्यावर वीज पडली. लोकांची खात्री झाली की हा त्याचाच कोप, आणि मग 947 मध्ये त्याला शांत करायला हे श्राइन उभं राहिलं. म्हणजे आधी भीतीने पुजला, पुढे हळूहळू विद्येचा देव झाला. आज जपानभर तेनजिनची, म्हणजे देव झालेल्या मिचिझानेची, हजारो श्राइन आहेत आणि परीक्षेआधी पोरं तिथेच जातात.

आवारात जागोजागी बसलेल्या बैलांच्या मूर्ती आहेत. मिचिझानेची अंत्ययात्रा नेणारा बैल वाटेतच बसला आणि उठेचना, म्हणून तिथेच दफन केलं अशी कथा, शिवाय मिचिझानेचा जन्मही बारा प्राण्यांच्या चिनी कॅलेंडरमधल्या बैलाच्या वर्षातला, 845 चा. या बैलांना हात लावायचा असतो बरं का, इथे कोणी ओरडत नाही. डोकं चालावं म्हणून डोक्यावरून, गुडघा दुखत असेल तर बैलाच्या गुडघ्यावरून हात फिरवायचा आणि मग स्वतःच्या. बैलांची डोकी घासून घासून चकचकीत झालीयत, पोरांच्या अभ्यासाची अवस्था तिथेच कळते. सगळे बैल बसलेले असले तरी मुख्य इमारतीच्या कोरीव कामात एकच उभा बैल आहे, तो शोधायचं काम मुलांना देऊन टाका, तेवढा वेळ शांतता.

काय घ्यायचं, काय घालायचं

नोव्हेंबरच्या शेवटी क्योतोत सकाळी सहा-सात डिग्री आणि दुपारी चौदा-पंधरा. एकच जाड जॅकेट घेण्यापेक्षा थर्मल, स्वेटर, वर वाऱ्यासाठी काहीतरी असे लेयर्स घाला, कारण ट्रेन-बसमध्ये हीटर असतो आणि जॅकेटमध्ये घाम फुटतो. ड्रेसकोड असा नाही, जीन्स चालतात, डोकं झाकायची गरज नाही, उलट आत वाकताना टोपी काढतात.

बूट काढायचे का? नाही. आवारात बूट घालूनच फिरायचं, देवासमोरही बुटासकट उभं राहायचं. आपल्या आई-बाबांना हे पटायला वेळ लागतो, ते तोरीपाशीच चपला शोधायला लागतात, आधीच सांगून ठेवा. फक्त आत बसून स्पेशल प्रार्थना करून घेणार असाल, तिला साधारण पाच हजार येनपासून पुढे दक्षिणा असते, तरच बूट काढावे लागतात, म्हणून मोजे भोकाचे नकोत. आवारात सगळीकडे जाडी खडी टाकलेली असते, हील्स अजिबात नको, आणि व्हीलचेअर किंवा बाबागाडी त्या खडीत रुतते, त्यामुळे गुडघेदुखीवाल्यांबरोबर असाल तर वेळ डबल धरा.

सुटे पैसे हवेतच. पाच, शंभर आणि पाचशे येनची नाणी जमवत राहा. देवाला पाच येनचं नाणं शुभ मानतात. जपानात आता कार्ड बरंच चालतं पण श्राइनच्या काउंटरवर कॅश धरूनच चला. एक रिकामी पिशवी कचऱ्यासाठी घ्या, रस्त्यावर डस्टबिन सापडतच नाही. आणि छोटा रुमाल, हात धुतल्यावर पुसायला तिथे काही ठेवलेलं नसतं.

अजून एक, घरात नुकतंच कोणी गेलं असेल तर. शिंतोमध्ये मृत्यूचा विटाळ मानतात आणि जवळचं माणूस गेल्यावर साधारण 50 दिवस जपानी लोक श्राइनला जात नाहीत, म्हणजे आपलं सुतकच, फक्त लांबलेलं. बौद्ध मंदिराला ही अडचण नाही. तुम्हाला कोणी विचारणार नाही हे खरं, पण आपल्यालाच जे कळतं ते पाळावं असं मला वाटतं.

पोचायचं कसं

क्योतो स्टेशनवरून 50 नंबरची सिटी बस थेट कितानो तेनमानगू-माए स्टॉपला सोडते, 230 येन, मागच्या दाराने चढायचं, पुढून उतरताना पैसे द्यायचे किंवा सुइका-इकोका हे प्रीपेड कार्ड टॅप करायचं. पण पीक सीझनला क्योतोची बस म्हणजे मनस्ताप, दोन-दोन बसेस भरून निघून जातात. त्यापेक्षा जेआरने सागानो लाइनवर एनमाचीला उतरा आणि तिथून वीसेक मिनिटं चाला, किंवा 203 नंबरची बस पकडा. अराशियामाकडून येत असाल तर रांदेन ट्रामने कितानो-हाकुबाइचो, तिथून पाच-सात मिनिटं चालत. मोठ्या बॅगा घेऊन बसमध्ये चढू नका, स्टेशनवर लॉकर आहेत, सकाळी दहानंतर तेही भरतात.

सकाळी साताच्या सुमारास पोचा. त्या वेळी शेजारपाजारचे आजोबा-आजी नमस्कार करून कामाला जातात, सायकल बाहेर लावून दोन मिनिटांत पाया पडून निघणारी शाळकरी पोरं दिसतात, आणि आवार झाडणाऱ्यांच्या लांब झाडूंचा आवाज सोडला तर काही नसतं. साडेनऊनंतर टूर बसेस येतात. मेपल गार्डन आणि काउंटर मात्र नऊच्या आसपास उघडतात, म्हणजे आधी देव, मग बाग, असा क्रम आपोआप लागतो.

आता स्टेप बाय स्टेप

तोरीपाशी थांबायचं, टोपी-गॉगल काढायचे, हलकंसं वाकायचं आणि मग आत पाऊल टाकायचं. रस्त्याच्या मधोमध चालायचं नाही, मधली वाट देवाची मानतात, त्यामुळे डावी किंवा उजवी कड धरायची. गर्दीत हे कोणालाच जमत नाही, जपानी लोकांनाही नाही, पण सकाळी रिकाम्या रस्त्यावर मधोमध सेल्फी स्टिक घेऊन चालणारा एकटा माणूस मात्र डोळ्यात भरतो.

मग लागतं हात धुवायचं ठिकाण, तेमिझुया, दगडी हौद आणि वर छप्पर. पळी असेल तर उजव्या हातात घ्यायची, एकदाच पाणी भरायचं आणि त्यातच सगळं उरकायचं. आधी डावा हात, मग पळी डाव्यात घेऊन उजवा हात, परत उजव्या हातात घेऊन डाव्या ओंजळीत थोडं पाणी ओतून चूळ, पळीला तोंड लावायचं नाही आणि चूळ हौदात टाकायची नाही, बाजूच्या खाचेत, तीही हळूच. मग डावा हात पुन्हा, आणि शेवटी पळी उभी धरायची म्हणजे उरलेलं पाणी दांड्यावरून ओघळून ती पुढच्यासाठी धुतली जाते. कोरोनानंतर बऱ्याच ठिकाणी पळ्या गेल्या आणि बांबूच्या नळीतून सतत पाणी पडतं, तिथे नुसते हात धुतले तरी झालं. ऑटममध्ये काही श्राइन हौदात फुलं किंवा मेपलची पानं पसरून ठेवतात, फोटो काढा, पण आधी हात धुवायला थांबलेल्यांना जागा द्या.

पुढे दोन सिंहासारखे कोमाइनू, एकाचं तोंड उघडं, एकाचं बंद. कितानोत मुख्य अंगणात जायच्या आधी सान्को-मोन, म्हणजे सूर्य-चंद्र-तारा या तीन प्रकाशांचा दरवाजा लागतो, त्यावर सूर्य-चंद्र कोरलेत पण तारा नाही म्हणतात, कारण राजवाड्यातून बघितलं की ध्रुवतारा बरोबर या दरवाजावर यायचा, वेगळा कोरायची गरजच नाही. आतली मुख्य इमारत 1607 ची, तोयोतोमी हिदेयोरीने बांधलेली, राष्ट्रीय ठेवा आहे. काळपट सालींचं छप्पर, खाली सोनेरी-रंगीत कोरीव काम, सकाळचं ऊन तिरकं आलं की ते काम उठून दिसतं.

आता नमस्कार. दानपेटीसमोर आलात की हलकं वाकून नाणं हळूच सोडायचं, लांबून फेकायचं नाही. दोर असेल तर हलवून घंटा वाजवायची. मग दोनदा पूर्ण कमरेतून वाकायचं. मग हात छातीसमोर जोडून उजवा किंचित खाली सरकवायचा आणि दोन टाळ्या. हात जुळवून मनात प्रार्थना. आणि शेवटी एकदा खोल वाकायचं. दोन-दोन-एक, एवढं लक्षात ठेवा. प्रार्थना करताना आधी आपलं नाव आणि पत्ता मनात सांगतात, आपण संकल्पात गोत्र-नाव सांगतो तसंच, मग झालं त्याबद्दल आभार आणि नंतर मागणं. पाच-दहा सेकंदात आटपा, मागे लाइन आहे. प्रदक्षिणा, प्रसाद, गंध यातलं काही नाही, आणि नारळ वगैरे घेऊन जाऊ नका.

अपवाद दोन लक्षात ठेवा. इझुमो ताइशा आणि क्यूशूतलं उसा जिंगू इथे टाळ्या चार. इझुमोचा तर ऑटमशी जवळचा संबंध, जुन्या चांद्र कॅलेंडरच्या दहाव्या महिन्यात देशभरातले देव तिथे मीटिंगला जमतात असं मानतात, म्हणून बाकी जपानात तो देव नसलेला महिना आणि इझुमोत देव असलेला. इसेच्या मोठ्या श्राइनला जाणार असाल तर गेकू म्हणजे बाहेरचं श्राइन आधी, नाइकू म्हणजे आतलं नंतर, आणि मुख्य देवळासमोर पायऱ्यांच्या वर फोटो बंद. तिथे 15 ते 17 ऑक्टोबरला कान्नामेसाइ असतो, त्या वर्षीचा नवा तांदूळ सूर्यदेवी अमातेरासूला अर्पण करतात. तिथलं मुख्य देऊळ दर 20 वर्षांनी नवं बांधतात, मागचं 2013 ला झालं, पुढचं 2033 ला.

मेपल गार्डन

आवाराच्या पश्चिम कडेला मातीचा उंच बांध आहे, ओदोई. हिदेयोरीचा बाप आणि तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी, त्याने 1591 मध्ये अख्ख्या क्योतोभोवती घातलेला, वीसेक किलोमीटरहून जास्त लांबीचा, त्याचा शिल्लक तुकडा. त्यावर आणि खाली कामिया नदीच्या काठाने साधारण साडेतीनशे मेपल. सीझनमध्येच उघडतात, तिकीट हजार-बाराशे येनच्या आसपास, आणि त्यात चहा-मिठाई धरलेली असते. वरून बघितलं तर पानांच्या छपरातून श्राइनची इमारत दिसते, मग पायऱ्या उतरून नदीपाशी लाल पूल, तिथे सगळे फोटोसाठी थांबतात. माझं ऐका, पुलाच्या पुढे काठाने चालत राहा आणि मागे वळून बघा, पूल आणि पाण्यातलं प्रतिबिंब दोन्ही येतात आणि माणसं कमी. ट्रायपॉड नको, फांदी ओढून चेहऱ्याशी धरायची नाही. पायऱ्या उंच-सखल आहेत, पाऊस झाला असेल तर ओल्या पानांवरून घसरायला होतं.

चिठ्ठ्या, पाट्या, शिक्के

ओमिकुजी म्हणजे भविष्याची चिठ्ठी, शंभर ते तीनशे येन. दाइकिची सगळ्यात चांगली, क्यो वाईट. वाईट निघाली तर तिथल्या तारेला किंवा दोरीला बांधून यायचं, चांगली निघाली तर घरी आणली तरी चालते. झाडाला बांधू नका. किफुनेत कोरा कागद पाण्यावर सोडतात आणि अक्षरं उमटतात, पोरांना भारी आवडतं.

एमा म्हणजे लाकडी पाटी, पाचशे ते हजार येन. मराठीत लिहिलं तरी चालतं, देवाला भाषेचा प्रॉब्लेम नसावा. कितानोत नोव्हेंबरात एमाचे थर लागतात, कारण जानेवारीच्या मध्यात युनिव्हर्सिटी एंट्रन्सची कॉमन टेस्ट असते. कॉलेजचं नाव, फॅकल्टी, आणि बारीक अक्षरात पास होऊ दे. बारावी-नीट-जेईई काढलेल्या घराला हे वेगळं सांगायला नको. फक्त दुसऱ्यांच्या एमाचे क्लोजअप काढून टाकू नका, त्यावर पूर्ण नावं असतात.

ताबीज, म्हणजे ओमामोरी, कापडी पिशवीतलं, ते उघडायचं नसतं. आणि गोशुइन, वहीत लाल शिक्का आणि वर ब्रशने लिहिलेलं श्राइनचं नाव, साधारण पाचशे येन. त्यासाठी वेगळी वही मिळते, आपल्या डायरीत मागू नका. दर्शन आधी, शिक्का नंतर, आणि सुटे पैसे हातात तयार. गर्दीत आधीच लिहिलेला सुटा कागद देतात, तो घरी जाऊन वहीत चिकटवायचा.

15 नोव्हेंबरच्या आसपास गेलात तर

शिची-गो-सान म्हणजे तीन आणि सात वर्षांच्या मुली, पाच वर्षांची मुलं, काही ठिकाणी तीनचीही, किमोनो घालून श्राइनला येतात. हातात लांब कागदी पिशवी, त्यावर करकोचा-कासव, आत लाल-पांढरी लांब गोळी, चितोसे-आमे. तीन वर्षांची मुलगी त्या किमोनोत आणि लाकडी चपलांत दहा पावलं चालते, मग खडीवर बसकण मारते, आजी परत ओबी, म्हणजे किमोनोचा कमरपट्टा, सारखा करते, बाबा कॅमेरा घेऊन उलटे चालतायत. गोड दिसतं, पण परवानगीशिवाय फोटो काढू नका. खूण करून विचारलं तर बऱ्याचदा हसून हो म्हणतात, आणि नाही म्हणाले तर विषय संपला.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला असाल तर कितानोचाच झुइकी मात्सुरी आहे, 1 ते 5 ऑक्टोबर. पीक आलं म्हणून देवाचे आभार, आणि पालखीचं छप्पर चक्क अळूच्या देठांनी शाकारलेलं, बाकी सजावट भाज्या, धान्य, वाळवणाची. अळूचं फदफदं खाऊन वाढलेल्या माणसाने हे बघायलाच हवं. लाल पानं मात्र तेव्हा एकही नसतात.

खायचं काय, विशेषतः व्हेज असाल तर

25 च्या बाजारात पहाटेपासून स्टॉल लागतात, जुने किमोनो, कपबश्या, लाकडी खेळणी आणि खायचं भरपूर. भाजलेलं रताळं, याकीइमो, बिनधास्त घ्या, उपासालाही चालेल. भाजलेले चेस्टनट मस्त. मिताराशी दांगो म्हणजे तांदळाच्या पिठाचे गोळे काडीवर भाजून वर गोड सोया सॉस, बहुतेक वेळा चालून जातात पण कडक शाकाहारी असाल तर विचारा. खरी गोची दाशीची, जपानी रस्सा-सूपमध्ये माशाचा अर्क असतो, दिसत नाही, वासही कळेलच असं नाही. इनारी सुशी, कित्सुने उदोन हे टोफूचे म्हणून व्हेज वाटतात, ते नाहीत. आमाझाके नावाचं गरम गोड पेय दोन प्रकारचं, तांदूळ आणि कोजी या आंबवायच्या बुरशीचं बिनदारूचं आणि साकेच्या चोथ्याचं थोडी दारू असलेलं, मुलांना देताना विचारून घ्या. चालता चालता खायचं नाही, स्टॉलपाशी उभं राहून संपवा आणि काडी त्यालाच परत द्या. थेपले-चिवडा बॅगेत असू द्या, पण श्राइनच्या अंगणात डबे पसरून बसू नका.

संध्याकाळची लाइटिंग बघायची असेल तर दुपारी हॉटेलवर जाऊन आराम करून परत या. नोव्हेंबरच्या शेवटी पावणेपाचला सूर्य मावळतो आणि गार्डन साधारण आठपर्यंत उघडं असतं. पाच वाजता एंट्रीची लाइन सगळ्यात मोठी, सव्वासहाला गेलात तर निम्मी झालेली असते, आणि परतताना बसच्या स्टॉपवर उभं न राहता सरळ हाकुबाइचोच्या ट्रामकडे किंवा एनमाचीकडे चालायला लागा.